मोल्सवर्थ आडनावाचा माग : शब्दकोशाच्या पहिल्या पानापासून डूम्सडे बुकापर्यंत

मराठीत ‘मोल्सवर्थ’ हे आडनाव उरलेलंच नाही, ते पुस्तकाचं नाव झालं आहे. ‘मोल्सवर्थ काय म्हणतो?’ असं कुणी विचारलं की कपाटातला जाडजूड मराठी-इंग्रजी कोश खाली काढला जातो. हा कोश १८३१ साली पहिल्यांदा छापला गेला आणि १८५७ च्या वाढवलेल्या आवृत्तीमुळे घरोघर माहीत झाला. त्याच्या शीर्षकपानावरचा जेम्स थॉमस मोल्सवर्थ (१७९५–१८७२) हा मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी. त्याचं आडनाव मात्र इंग्लंडमधल्या एका लहानशा खेड्याचं आहे.

इंग्रजी आडनावाचं मूळ कसं शोधावं हे शिकायला हे आडनाव फार सोयीचं आहे. स्मिथ किंवा ब्राउनसारखं ते गल्लोगल्ली सापडत नाही. ज्या गावावरून पडलं ते गाव आजही नकाशावर आहे. किताब मिळालेल्या दोन शाखा असल्याने कागदपत्रं भरपूर आहेत, आणि फसायच्या जागाही तितक्याच. खालची पद्धत कुठल्याही इंग्रजी आडनावाला लागू पडेल, उदाहरणं मात्र मोल्सवर्थचीच आहेत.

दोन प्रश्न, दोन वेगळी कामं

‘आडनावाचा अर्थ काय?’ आणि ‘हे घराणं कुठून आलं?’ हे दोन प्रश्न एकच समजले की गाडी पहिल्याच वळणावर घसरते. अर्थ शोधायला अर्धा तास पुरतो. घराण्याचा माग काढायला कित्येक महिने लागतात, आणि त्याचं उत्तर अर्थात दडलेलं नसतं.

हा अर्धा तास आधीच उरकून घ्या. ‘वर्थ’ हा जुन्या इंग्रजीतला शब्द, अर्थ कुंपण घातलेली वाडी. पुढचा भाग ‘मूल’ हे माणसाचं नाव. सातव्या शतकात केंटमध्ये या नावाचा एक राजाही होऊन गेला. तेव्हा मोल्सवर्थ म्हणजे मूलची वाडी. मूळ अर्थाने ‘मूल’ म्हणजे खेचर, म्हणजे नावाची सुरुवात टोपणनावाने झाली असणार. चिचुंद्रीसारख्या ‘मोल’ या प्राण्याशी त्याचा काही संबंध नाही. आजच्या इंग्रजीवरून जुन्या नावाचा अर्थ लावणं ही पहिली चूक, आणि इंटरनेटवरची निम्मी ‘आडनावाचा अर्थ’ सांगणारी पानं तीच करतात.

अर्थासाठी भरवशाच्या दोनच जागा. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटीच्या काउंटीवार, म्हणजे जिल्हावार, खंडांत गावाच्या नावाची जुनी रूपं सालवार दिलेली असतात. मोल्सवर्थ गाव हंटिंग्डनशर काउंटीतलं, तिच्यासाठी बेडफर्डशरसोबतचा १९२६ चा एकत्र खंड पाहावा. दुसरी जागा म्हणजे ऑक्सफर्डने २०१६ साली काढलेला ब्रिटन-आयर्लंडमधल्या आडनावांचा चार खंडी कोश. तो फक्त अर्थ देत नाही, तर जुन्या दफ्तरांतले नावाचे उल्लेख सालासकट देतो. मोठ्या ग्रंथालयांच्या सभासदांना तो ऑनलाइन वाचता येतो.

इथे मराठी वाचकाला एक फायदा आहे. आपली ‘-कर’ लावलेली आडनावं आठवा. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळुणात कोणी चिपळूणकर म्हणत नाही. गाव सोडून दुसरीकडे गेला की तो चिपळूणकर होतो. इंग्लंडमध्येही तसंच. बाराव्या ते चौदाव्या शतकातल्या लॅटिन आणि फ्रेंच दफ्तरांत ‘जॉन द मोल्सवर्थ’ दिसला तर त्याचा अर्थ ‘मोल्सवर्थचा जॉन’ इतकाच. ‘द’ म्हणजे सरदारकी नव्हे. आणि दोन सातारकर जसे एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही, तसेच दोन ‘द मोल्सवर्थ’ही नाहीत. एकाच गावातून बाहेर पडलेल्या, एकमेकांशी रक्ताचं नातं नसलेल्या माणसांना एकच आडनाव चिकटू शकतं.

शोधण्याआधी स्पेलिंगची यादी करा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आडनावाचं ठरलेलं स्पेलिंग ही कल्पनाच पक्की झालेली नव्हती. पाद्री किंवा कारकून कानाला आलं तसं लिहायचा. म्हणून कागदावर आधी सगळी संभाव्य रूपं उतरवून काढा: ‘ओ’च्या जागी ‘यू’ किंवा ‘ओ-यू’, एका ‘एल’च्या जागी दोन, मधला ‘ई’ गाळलेला, मधला ‘एस’ गाळलेला, शेवटी ‘टी-एच’च्या जागी नुसता ‘टी’ किंवा ‘डी-ई’. डूम्सडे बुकात, म्हणजे १०८६ च्या इंग्लंडमधल्या जमिनींच्या पाहणीत, गावाचं नाव ‘मोल्सवर्डे’ असं पडतं, शेवटी ‘डी-ई’च आहे.

बऱ्याच संकेतस्थळांवर साउंडेक्स नावाची सोय असते. सारख्या उच्चाराची नावं ती एका कोडखाली गोळा करते. तिच्यावर डोळे मिटून विसंबू नका. मोल्सवर्थचा कोड एम-४२६ येतो. ‘ओ’चा ‘यू’ झाला तरी कोड तोच राहतो. पण मधला ‘एस’ गळाला की तो एम-४६३ होतो आणि नोंद तुमच्या यादीतून गायब होते. त्यामुळे ‘एस’ नसलेलं रूप वेगळं शोधा, किंवा तारांकन वापरून पहिली तीन आणि शेवटची पाच अक्षरंच द्या.

दुसरी अडचण छपाईची. साधारण १८०० पर्यंतच्या इंग्रजी छपाईत शब्दाच्या मधला ‘एस’ लांब दांडीचा असे, दिसायला अगदी ‘एफ’सारखा. जुनी वर्तमानपत्रं आणि ग्रंथ संगणकाने वाचताना या ‘एस’चा ‘एफ’ होतो आणि आपला माणूस ‘मोलेफवर्थ’ होऊन बसतो. अठराव्या शतकातलं काहीही शोधताना हे चुकीचं रूप मुद्दाम टाकून बघा. हाती काहीच लागत नव्हतं तिथे अचानक पानंच्या पानं निघतात.

चेशरमध्ये ‘मोल्ड्सवर्थ’ नावाचं एक वेगळंच गाव आहे, मध्ये ‘डी’ असलेलं. त्या गावावरूनही आडनाव पडू शकतं, आणि ‘डी’ उच्चारात सहज गळतो. उत्तर-पश्चिम इंग्लंडमध्ये एखादा गरीब मोल्सवर्थ सापडला तर त्याला हंटिंग्डनशरला जोडण्याआधी ही शक्यता खोडून काढावी लागेल.

नावाच्या शोधात केरकचराही पुष्कळ येतो: मोल्सवर्थचा लष्करी तळ, डब्लिनमधला मोल्सवर्थ रस्ता, ऑस्ट्रेलियातली याच नावाची गावं. शोधताना आडनावाबरोबर पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं) नाव किंवा ‘बाप्तिस्मा’, ‘मृत्युपत्र’ यांसारखा एखादा इंग्रजी शब्द जोडला की हा कचरा बराच गाळला जातो.

पायरी १ : शेवटच्या माणसापासून सुरुवात, आणि दिशा उलटी

डूम्सडे बुकापासून खाली यायचं नाही. ज्याच्याबद्दल खात्रीने माहिती आहे अशा सगळ्यांत अलीकडच्या माणसापासून एकेक पिढी मागे जायचं. आधी मृत्यू, मग लग्न, मग जन्म, मग आईबाप, आणि पुन्हा त्यांचा मृत्यू. मृत्यूपासून सुरुवात करण्याचं कारण व्यावहारिक आहे: मृत्यूच्या दाखल्यावर वय असतं, वयावरून जन्मसाल ठरतं, आणि मग लहानपणीच वारलेल्या त्याच नावाच्या मुलाला आपला पूर्वज समजण्याची चूक टळते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू होते. स्कॉटलंडमध्ये १८५५ आणि आयर्लंडमध्ये १८६४ पासून (कॅथलिक सोडून इतरांची लग्नं १८४५ पासून). सूची तिमाहीवार आहे: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर. तिमाही नोंद झाल्याच्या तारखेची असते, घटनेच्या नव्हे. जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती, तेव्हा डिसेंबरात जन्मलेलं मूल पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडू शकतं.

कोशकार मोल्सवर्थ जुलै १८७२ मध्ये वारला, म्हणून सप्टेंबर तिमाही उघडायची. १८६६ पासून छापील मृत्युसूचीत वय दिलेलं असतं. इथे ७७ च्या आसपास वय हवं. सरकारच्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या स्वतःच्या ऑनलाइन सूचीत १८३७ पासूनच वय आणि जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव मिळतं. छापील सूचीत आईचं आडनाव १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच येतं. म्हणून फ्रीबीएमडी या फुकटच्या संकेतस्थळावर नोंद शोधा आणि सरकारी सूचीवर पडताळा. दोन्ही सूच्या वेगवेगळ्या हातांनी उतरवलेल्या आहेत, एकीत चुकलेलं दुसरीत बरोबर असतं.

सूची म्हणजे पुरावा नव्हे, दाखला मागवा. पूर्ण छापील दाखल्यापेक्षा पीडीएफ स्वस्त, आणि जुन्या जन्म-मृत्यूंसाठी नुसती डिजिटल प्रतिमा त्याहूनही स्वस्त पडते. लग्नाच्या दाखल्याला मात्र पैसे खर्च करावेतच, कारण त्यावर वधू आणि वर दोघांच्या वडिलांची नावं आणि व्यवसाय असतात. वयाच्या रकान्यात ‘फुल एज’ लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ २१ किंवा अधिक, एवढाच.

१८७५ पर्यंत जन्म न नोंदवण्याबद्दल आईबापांना दंड नव्हता. त्यामुळे सुरुवातीच्या दशकांत बरेच जन्म सूचीत नाहीतच. तेव्हा नोंद सापडली नाही म्हणून माणूस इंग्लंडबाहेर जन्मला असं धरून चालू नये. आधी बाप्तिस्मा पाहावा.

पायरी २ : खानेसुमारी

दर दहा वर्षांनी होणाऱ्या ब्रिटिश खानेसुमारीत माणसांची नावं पद्धतशीरपणे १८४१ पासून मिळतात. १८४१ ची फसवी आहे: १५ वर्षांवरच्या बहुतेकांची वयं पाचच्या पटीत खाली आणलेली आहेत, म्हणजे ३९ वर्षांचा माणूस ३५ चा दिसतो; घरातलं नातं लिहिलेलं नाही; जन्मस्थळाच्या जागी ‘याच काउंटीत, होय की नाही’ एवढंच. खरं सोनं १८५१ पासून पुढे आहे. कुटुंबप्रमुखाशी नातं, वय, व्यवसाय आणि जन्माचं पॅरिश, सगळं एका ओळीत.

हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्यांसाठी १८६१ आणि १८७१ ची पानं महत्त्वाची. जन्मस्थळात ‘ईस्ट इंडीज’ किंवा ‘बॉम्बे’ असं मोघम सापडलं की कुटुंबातल्या सगळ्या भावंडांच्या ओळी उतरवून घ्या. एकाच्या ओळीत मोघम, तर दुसऱ्याच्या ओळीत गावाचं नाव असतं. १८८१ ची नक्कल फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे. १९३१ ची खानेसुमारी १९४२ साली आगीत जळाली आणि १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. त्या पोकळीत १९३९ ची राष्ट्रीय नोंदवही कामी येते.

पायरी ३ : मुंबई इलाख्याचे कागद

इथे मराठी संशोधकाला घराजवळचं काम आहे. ईस्ट इंडिया कंपनी आणि पुढे इंग्रज सरकार इथल्या युरोपियनांच्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला दरवर्षी लंडनला पाठवत असे. त्या आता ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये आहेत. बंगालच्या एन/१, मद्रासच्या एन/२ आणि मुंबई इलाख्याच्या एन/३ या मालिकेत. मुंबईची मालिका १७०९ पासून सुरू होते. बऱ्याच नोंदींच्या प्रतिमा फाइंडमायपास्ट या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात. फिबिस या संस्थेची शोधसूची फुकट आहे, आधी तीच पाहावी.

या नोंदींत एक फरक लक्षात ठेवावा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा हुद्दा आणि पलटण मिळते, पण दफनाच्या नोंदीत आईबाप नसतात. त्यामुळे पुण्यात किंवा मुंबईत एखाद्या मोल्सवर्थचं दफन सापडलं, तरी तो कोणाचा कोण हे त्या ओळीवरून ठरत नाही.

कंपनीच्या फौजेतल्या अधिकाऱ्यांसाठी सर्वांत मोलाचं दफ्तर म्हणजे भरतीच्या वेळचे कॅडेट पेपर्स, मालिका एल/मिल/९. उमेदवाराने वय सिद्ध करण्यासाठी आपल्या इंग्लंडमधल्या पॅरिशचा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असायचा. मुंबईच्या पलटणीतला माणूस इंग्लंडमधल्या नेमक्या कुठल्या चर्चशी जोडायचा हा सगळा गुंता हा एक चिटोरा सोडवतो. नोकरीतल्या बढत्या, रजा, निवृत्ती या गोष्टी मुंबई फौजेच्या एल/मिल/१२ मध्ये पाहाव्यात.

नावातल्या जुळेपणाची गंमत इथेच होते. हिंदुस्थानच्या कागदांत आणखी एक मोल्सवर्थ वारंवार भेटतो: गिलफर्ड मोल्सवर्थ (१८२८–१९२५), रेल्वेचा इंजिनिअर, आधी सिलोनात आणि मग हिंदुस्थान सरकारचा सल्लागार. त्याचं सूत्रांचं खिशात मावणारं पुस्तक इंजिनिअरांच्या पिढ्यांनी वापरलं. कोशवाला आणि हा यांच्यात तेहतीस वर्षांचं अंतर आहे, तरी जुन्या ग्रंथसूचींत दोघांची सरमिसळ होऊ शकते. नुसतं ‘मोल्सवर्थ’ एवढंच असेल तर साल आणि खातं पाहिल्याशिवाय नोंद कुणाच्याही नावावर चढवू नका. गिलफर्डचा बाप रॉचडेलचा पाद्री होता आणि आयरिश शाखेतून आलेला. म्हणजे त्याचा माग पुढे आयर्लंडकडे वळतो.

मुंबईत काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार आहे. इथल्या दफ्तरांत जन्म-मृत्यू शोधायला जाऊ नये. खात्यांचा पत्रव्यवहार, नेमणुका, पगार, पुस्तकांच्या छपाईचे हुकूम हे इथलं खरं धन. साल आणि खातं ठाऊक असल्याशिवाय मागणीचिठ्ठी भरता येत नाही, म्हणून हे काम लंडनच्या सूच्या पाहून झाल्यावर करावं.

पायरी ४ : पॅरिशची वही

१८३७ च्या मागे गेलं की सरकारी नोंद संपते आणि चर्चची वही सुरू होते. थॉमस क्रॉमवेलच्या १५३८ च्या हुकमाने दर पॅरिशने बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहायला सुरुवात केली. सुरुवातीचे कागद सुटे होते, बरेच हरवले. १५९८ पासून चामड्याच्या वह्या सक्तीच्या झाल्या आणि दरवर्षीची नक्कल बिशपकडे जाऊ लागली. म्हणून मूळ वही फाटलेली किंवा उंदरांनी कुरतडलेली असेल तर बिशपकडची नक्कल मागावी. दोन्ही उपलब्ध असतील तरी दोन्ही पाहाव्यात. नक्कल करताना पाद्री कधी गाळतो, कधी भर घालतो.

तारखांचा सापळा इथे सर्वांत मोठा. १७५२ पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. वहीतला ‘१० फेब्रुवारी १७०५’ आपल्या हिशेबाने १७०६ मधला आहे. उतरवताना ‘१० फेब्रुवारी १७०५/६’ असं दोन्ही सालांनी लिहा. नाहीतर १७०५ च्या एप्रिलमध्ये लग्न झालेल्या जोडप्याचं मूल त्याच सालच्या फेब्रुवारीत दिसतं आणि लोक उगाच कथा रचतात. शिवाय १७५२ च्या सप्टेंबरात २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. मधले अकरा दिवस कुठल्याही वहीत सापडणार नाहीत.

१६४२ ते १६६० या यादवी युद्धाच्या आणि प्रजासत्ताकाच्या काळात बऱ्याच वह्यांत खिंडार आहे. १७५४ पासून लग्नाच्या नोंदीत सह्या किंवा अंगठ्याऐवजी फुली, आणि साक्षीदारांची नावं येतात. साक्षीदार दुर्लक्षू नका, तो बहुतेकदा भाऊ किंवा मेहुणा असतो. १८१३ पासून छापील तक्ते आले आणि बाप्तिस्म्यात बापाचा व्यवसायही येऊ लागला.

मोल्सवर्थ गावची वही हंटिंग्डनशरच्या अभिलेखागारात, हंटिंग्डन शहरात शोधावी. जुनी हंटिंग्डनशर काउंटी १९७४ पासून प्रशासकीयदृष्ट्या केंब्रिजशरमध्ये आहे, त्यामुळे आजच्या नकाशावरून शोधणारा केंब्रिजला जाऊन रिकाम्या हाताने परततो.

पायरी ५ : मृत्युपत्रं, म्हणजे नात्यांची पक्की गाठ

पॅरिशची वही सांगते की जॉनचा बाप्तिस्मा झाला. तो मोठा होऊन अमुक जमिनीचा मालक झाला हे ती सांगत नाही. ती गाठ मृत्युपत्र मारतं: ‘माझा मुलगा जॉन, माझी मुलगी अमुक, तिचा नवरा अमुक’. एका मृत्युपत्राची किंमत दहा बाप्तिस्म्यांच्या नोंदींएवढी धरावी.

१२ जानेवारी १८५८ पासून सगळी प्रकरणं सरकारी न्यायालयाकडे गेली आणि छापील वार्षिक सूची मिळते. मृत्यूच्या सालातच थांबू नका, पुढची तीन-चार वर्षं पाहा. जमिनीचं भांडण असेल तर आणखी. त्याआधीची मृत्युपत्रं धर्मन्यायालयांत. एकाहून अधिक बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असलेले, आणि परदेशात वारलेले पण इंग्लंडात मालमत्ता असलेले लोक कँटरबरीच्या न्यायालयात जात; ती १३८४ ते १८५८ ची मृत्युपत्रं नॅशनल आर्काइव्हज या ब्रिटनच्या सरकारी अभिलेखागारातल्या प्रॉब ११ मालिकेत आहेत. हिंदुस्थानात मेलेले कंपनीचे अधिकारी इथेही शोधा.

पायरी ६ : दोन शाखा, दोन अभिलेखागारं

कॉर्नवॉलची शाखा एलिझाबेथ राणीच्या काळात तिकडे गेलेल्या जॉन मोल्सवर्थपासून. डची ऑफ कॉर्नवॉलच्या हिशेबाच्या कामावर तो गेला आणि पेनकॅरो हे घराण्याचं ठिकाण झालं. पॅरिश इग्लोशेल. १६८९ साली हेंडर मोल्सवर्थला बॅरोनेट किताब मिळाला. तो जमैकाचा गव्हर्नर होता. त्याच्या पहिल्या नावाकडे नीट पाहा. ‘हेंडर’ हे कॉर्नवॉलमधल्या एका घराण्याचं आडनाव आहे, आणि मोल्सवर्थांनी त्या घराण्याच्या वारस मुलीशी लग्न केलं होतं. इंग्रजांत आईकडचं आडनाव मुलाचं पहिलं किंवा मधलं नाव करण्याची चाल आहे. विचित्र मधलं नाव दिसलं की ते आडनाव म्हणून शोधा. हरवलेली आजी बहुतेकदा तिथेच मिळते. या शाखेतला सर विल्यम मोल्सवर्थ (१८१०–१८५५) ब्रिटिश मंत्रिमंडळात वसाहतमंत्री झाला. कागद रेडरुथमधल्या क्रेसेन कर्नो या अभिलेखागाराच्या सूचीत शोधावेत.

जमैकाचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट. कॅरिबियन बेटांवर गुलामांना मालकांची आडनावं दिली गेली. तिथला मोल्सवर्थ या घराण्याचा वंशज असेलच असं नाही, आणि नसेलच असंही नाही.

आयरिश शाखा डब्लिनची. रॉबर्ट मोल्सवर्थ (१६५६–१७२५), डब्लिनच्या व्यापाऱ्याचा मुलगा, डेन्मार्कला इंग्लंडचा राजदूत होता आणि १७१६ मध्ये व्हायकाउंट झाला. डब्लिनजवळच्या स्वोर्ड्स इथे त्याची जहागीर. या शाखेचा शोध अवघड, कारण १९२२ च्या जूनअखेरीस डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये झालेल्या स्फोटात आणि आगीत आयर्लंडचा सार्वजनिक दफ्तरखाना जळाला. त्यात मृत्युपत्रं, चर्चच्या वह्या, जुन्या खानेसुमाऱ्या गेल्या. म्हणून तिथे नकला गाठाव्या लागतात: वकिलांनी आधी केलेले उतारे, जमिनीच्या खरेदीखतांची नोंद (१७०८ पासून सुरू), आणि १९०१ व १९११ ची खानेसुमारी, जी ऑनलाइन फुकट आहे.

पीअरेजच्या, म्हणजे सरदार घराण्यांच्या, जाडजूड छापील पुस्तकांत ही वंशावळ पहिल्या एडवर्डबरोबर धर्मयुद्धाला गेलेल्या सर वॉल्टर द मोल्सवर्थपर्यंत सरळ ताणलेली असते. ती आराखडा म्हणून वापरा, पुरावा म्हणून नको. या वंशावळी बव्हंशी घराण्यांनी स्वतः पुरवलेल्या माहितीवर उभ्या असत, आणि धर्मयुद्धातला पूर्वज कोणाला नको असतो? सोळाव्या-सतराव्या शतकात हेरल्ड (ढालचिन्हं तपासणारे राजाचे अधिकारी) काउंटीवार फिरून ज्या वंशावळी नोंदवत, त्या थोड्या बऱ्या. त्यातही शेवटच्या तीन पिढ्या भरवशाच्या, त्यामागच्या ऐकीव.

आणि ‘तुमच्या आडनावाचं ढालचिन्ह’ विकणाऱ्यांपासून लांब राहा. इंग्लंडात ढालचिन्ह आडनावाला नसतं, विशिष्ट माणसाला आणि त्याच्या वारसांना मिळतं. ढालचिन्हं देणारी संस्था कॉलेज ऑफ आर्म्स हे १४८४ पासून हेच सांगत आलं आहे, म्हटलं तरी चालेल.

पायरी ७ : कर, मॅनर, डूम्सडे

पॅरिशच्या वह्यांच्या मागे सामान्य माणूस फक्त दोन ठिकाणी दिसतो: कर भरताना आणि जमीनदाराच्या मॅनरच्या, म्हणजे जहागिरीच्या, कचेरीत. १६६२ ते १६८९ मधली चूलपट्टी, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग, घराच्या आकाराचा अंदाज देते. १३७७ ची डोईपट्टी चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला चार पेन्स. दोन्हींचे कागद नॅशनल आर्काइव्हजच्या ई १७९ मालिकेत, आणि त्यांचा गाववार शोध ऑनलाइन करता येतो.

हंटिंग्डनशरचं नशीब म्हणजे १२७९ चे हंड्रेड रोल्स (हंड्रेड म्हणजे काउंटीचा पोटविभाग). पहिल्या एडवर्डने केलेल्या या पाहणीत मोठ्या जमीनदारांबरोबर कुळांचीही नावं आहेत, आणि ज्या मोजक्या काउंट्यांचे कागद टिकले त्यांत ही एक. ते १८१८ मध्ये छापले गेले. मूळ मजकूर संक्षिप्त लॅटिनमध्ये; साल राजाच्या कारकिर्दीवरून दिलेलं असतं. ‘एडवर्ड ७’ म्हणजे २० नोव्हेंबर १२७८ ते १९ नोव्हेंबर १२७९. हे गणित मनात करू नका, छापील तक्ता वापरा.

त्याहून मागे फक्त डूम्सडे बुक, १०८६. लेटनस्टोन हंड्रेडमध्ये गाव सापडतं. तिथे आडनाव नाही, असणारही नाही. तेव्हा आडनावंच रुजलेली नव्हती. गावाचा पुढचा इतिहास व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरीच्या हंटिंग्डनशर खंडांत, आणि त्याचा मजकूर ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर फुकट.

नोंदवही कशी ठेवायची

एका नोंदीला एक ओळ, आठ रकाने: तारीख, जागा, नाव जसंच्या तसं स्पेलिंग, भूमिका (बाप, साक्षीदार, मृत), वय, सोबतची माणसं, कागदाचा संदर्भ क्रमांक, आणि ‘यावरून नेमकं काय ठरतं’. शेवटचा रकाना भरताना हात थबकला तर समजा, नोंद जोडायची वेळ आलेली नाही. शोधूनही जे सापडलं नाही तेही लिहा: कुठली वही, कुठली सालं, कुठली स्पेलिंगं. नाहीतर सहा महिन्यांनी तीच वही तुम्ही पुन्हा चाळाल.

दोन पिढ्या जोडायला निदान दोन स्वतंत्र पुरावे हवेत, त्यांतला एक मृत्युपत्र किंवा जमिनीचा कागद असेल तर उत्तम. नुसती नावं आणि सालं जुळली की ‘संभाव्य’ लिहायचं. मोल्सवर्थच्या बाबतीत कॉर्नवॉलच्या जॉनपर्यंत ठळक रेघ ओढता येईल. त्याच्या आणि १२७९ च्या हंटिंग्डनशरमधल्या माणसांच्या मध्ये, प्रत्येक पिढीचा कागद हातात येईपर्यंत, वंशावळीवर पेन्सिलीने तुटक रेघ काढा आणि तिच्या बाजूला सालं मोकळी सोडा.